पाच बँड, दहाचा काटा आणि बाबांचे कान

डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय. शनिवारी रात्री सुरू झाली, आज सोमवारची दुपार, ऑफिसात एसीची घरघर आणि तिच्यावर ही बारीक ईईईई. उजवा कान ठीक आहे कारण उजवा इअरप्लग शेवटपर्यंत टिकला, डावा चौथ्या बँडच्या वेळी धुळीत कुठेतरी पडला, आणि तो शोधायला वाकले असते तर मग लोकांना मला शोधायला लागलं असतं.

तर हो, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी मेटल कॉन्सर्टला जाऊन आले, म्हणजे जड गिटारी, धडधडणारे ड्रम आणि गळा फाडून गाणं. खारघरला, उघड्या मैदानात, पाच बँड, दुपारी चार ते रात्री दहा. बँडांची नावं इथे लिहीत नाहीये कारण साउंडला भरपूर शिव्या घालणार आहे आणि त्यात त्या पोरांचा काडीचाही दोष नव्हता.

मला ओळखणारे आत्ता हसत असतील. कारण मी ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीची सेक्रेटरी. गेल्या नवरात्रात शेजारच्या मंडळाच्या डीजेविरुद्ध अर्ज लिहिणारी बाई म्हणजे मीच. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर लाउडस्पीकर बंद, २००० सालचे नियम, सगळं पाठ आहे मला. दहा वाजून एक मिनिटाने ११२ ला फोन करणारी बाई पण मीच. आणि तीच बाई शनिवारी दुपारी आरशासमोर उभी राहून २००८ चा काळा टीशर्ट अंगात घुसतोय का बघत होती.

घुसला. श्वास जरा कमी घ्यायला लागला, पण घुसला. सासूबाई म्हणाल्या, "अगं संक्रांत झाली की, आता काय काळं?" म्हटलं हलव्याचे दागिने तेवढे राहिलेत. नवरा म्हणाला जेवणाचं मी बघतो तू जा, म्हणजे स्विगी.

त्या टीशर्टची गोष्ट सांगते. १ फेब्रुवारी २००८, मुंबईत बीकेसीचं मैदान, आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड. त्यांची ती अख्खी वर्ल्ड टूर मुंबईपासून सुरू झाली होती. मी चोवीस वर्षांची, पहिल्या नोकरीचा सातवा का आठवा पगार, दादाबरोबर गेले होते. त्याच्या आधी दादा एकदाच मुंबईतल्या रंगभवन या खुल्या थिएटरला इंडिपेंडन्स रॉक या रॉक बँडांच्या कार्यक्रमाला जाऊन आला होता, तिथे ते १९८६ पासून व्हायचं, मला बाबांनी सोडलं नव्हतं आणि मी मोठी होईपर्यंत रंगभवनच शांतता क्षेत्रात अडकलं, शेजारी कॉलेज, पलीकडे हॉस्पिटल, मग लाउडस्पीकर लावणार कुठे. तेव्हा मी त्या नियमाला इतकं बोलले होते, इतकं बोलले होते. आता तोच नियम लेटरहेडवर टाइप करते. असो.

यावेळी दादाला म्हटलं चल, मैदान तुझ्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. दादा म्हणाला गुडघे. मला पहिली कॅसेट देणारा माणूस, आणि आता काय तर गुडघे. बाबा त्याच्याकडेच असतात, तर ठरवलं कॉन्सर्ट झाली की तिथेच झोपायला जायचं, रात्री साडेदहाला ठाण्यापर्यंत कोण येणार. बाबांना फोनवर सांगितलं गाण्याच्या कार्यक्रमाला येतेय खारघरला, रात्री घरी येईन. तर ते म्हणाले, "कोण गाणार?" म्हटलं पाच जण आहेत. "बरं बरं, पेटीवर कोण?"

बाबांना ऐकू कमी येतं. त्याबद्दल पुढे.

ठाण्याला नऊ नंबरवरून पनवेल लोकल पकडली, बेलापूरला उतरले, उगाचच, कारण मेट्रोत बसायची हौस होती. २०२३ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली त्याला किती वर्षं झाली आणि मी एकदाही बसले नव्हते. डब्यात काळे टीशर्ट शोधत होते. एक होता, मग दोन, मग सेंट्रल पार्क यायच्या आत नऊ मोजले, त्यातल्या एकाच्या टीशर्टवरचं बँडचं नाव वाचताच येत नव्हतं, म्हणजे झाडाची मुळं उपटून ठेवल्यासारखं अक्षर. समोर बसलेल्या काकू त्याच्या छातीकडे बघून वाचायचा प्रयत्न करत होत्या आणि तो बिचारा लाजून बॅग पुढे घेत होता.

गेटवर राजश्री भेटली, कॉलेजची मैत्रीण, डोंबिवलीला असते, बँकेत आहे, आणि तिच्याबरोबर तिचा भाचा आर्यन, वय एकोणीस. पुरुषांची रांग पार रस्त्यापर्यंत आणि बायकांच्या रांगेत आम्ही धरून सहा जणी. सिक्युरिटीच्या ताईंनी माझी बॅग उघडली, आत पाण्याची बाटली, ती गेली. इअरप्लगची पुडी उघडून वास घेऊन बघितला, ते राहिलं. मग स्टीलची छोटी डबी निघाली. "ये क्या है?" म्हटलं तिळाचे लाडू, वडिलांसाठी नेतेय. "बाहर का खाना अलाउड नहीं मॅडम." मी सरळ मराठीत म्हटलं, ताई तीळगूळ घ्या गोड बोला. तिने इकडेतिकडे बघितलं, एक लाडू उचलला, डबी बंद करून बॅगेत ठेवली आणि मराठीत म्हणाली, "जावा आत पटकन."

आतलं सगळं काही इतकं गोड नव्हतं. पैसे चालत नाहीत, मनगटाला पट्टा, त्यात कमीत कमी पाचशेचा रिचार्ज, उरलेले परत मिळणार नाहीत हे बारीक अक्षरात. पाणी साठ रुपये. वडापाव ऐंशी रुपये आणि त्यात चटणी नाही, आता मला सांगा ठाणे जिल्ह्यात जन्मलेल्या बाईने हे कसं सहन करायचं. मात्र एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा अनुभवली, लेडीज टॉयलेटला रांग नव्हती. शून्य. पुरुष लायनीत उभे आणि आम्ही आरामात जाऊन येतोय. कडी तुटलेली होती, राजश्रीने बाहेरून दार धरलं, पण रांग नव्हती म्हणजे नव्हती.

चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला. कारण कोणी सांगितलं नाही. स्टेजवर एक माणूस दीड तास "चेक, चेक, हॅलो, टू, टू" करत होता आणि ऊन खारघरच्या डोंगराच्या बाजूने तिरकं येऊन सरळ डोळ्यात. वेळ खाल्ला आयोजकांनी आणि भुर्दंड पहिल्या बँडला, चाळीस मिनिटांची त्यांची वेळ पंधरावर आली.

पहिला बँड कॉलेजची पोरं. समोर फार तर साठ माणसं, बाकी सगळे सावलीत. पण स्टेजला लागून, अगदी बॅरिकेडला चिकटून, एक बाई उभ्या, पंजाबी ड्रेस, ओढणी डोक्यावरून घेतलेली, एका हातात फोन उभा धरून शूटिंग चाललेलं आणि दुसऱ्या हाताने कान झाकलेला. गिटारवाल्याच्या आई. गाणं जड व्हायला लागलं की त्या कान जास्त दाबायच्या पण फोन हलू देत नव्हत्या. गाणं संपलं की फोन काखेत धरून दोन्ही हातांनी टाळ्या. पोरगं ओरडत होतं काहीतरी, नरकाबिरकाबद्दल असावं, आणि त्या मान डोलावत होत्या. मला त्यांचा तो पंधरा मिनिटांचा सेट शेवटच्या बँडपेक्षा जास्त आठवतोय.

दुसरा बँड पुण्याचा. दुसऱ्याच गाण्यात जनरेटर बसला. म्हणजे मधोमध, गळा फाडून ओरडणं चाललेलं, दोन गिटारी, बेस, आणि खट. सगळं गायब. ड्रमवाल्याला बहुतेक कळलंच नाही किंवा कळूनही थांबला नाही, तो वाजवतच राहिला, आणि त्या क्षणी काय गंमत झाली सांगू, आत्तापर्यंत छातीत गुद्दे घालणारा तो ड्रम एकदम घरातल्या डब्यावर पोरगं चमचा मारतंय एवढासा झाला. एवढा मोठा राक्षस, आणि वीज गेली की टप टप टप. मग लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, मागून कोणीतरी "गणपती बाप्पा" केलं, तीनशे काळ्या टीशर्टांनी "मोरया" केलं, गायक स्टेजच्या कडेला बसून हसत पाणी प्यायला लागला. सात मिनिटांनी वीज आली. त्यांचा वेळ त्या सात मिनिटांसकट मोजला, हे मात्र मला फार लागलं.

या गॅपमध्ये मी आर्यनला ज्ञान देत होते. त्याने हात वर करून मेटलवाल्यांची शिंगं केली, म्हणजे पहिलं बोट आणि करंगळी उभी, तर अंगठा बाहेर. म्हटलं बाळा अंगठा आत घे, बाहेर काढलास की अमेरिकन खुणांच्या भाषेत ते आय लव्ह यू होतं. आणि ही शिंगं मुळात सैतानाची वगैरे नाहीत, रॉनी जेम्स डिओ या गायकाने ती मेटलमध्ये लोकप्रिय केली आणि तो सांगायचा की ती त्याच्या इटालियन आजीची, दृष्ट लागू नये म्हणून ती तशी बोटं करायची. म्हणजे आपल्या आजीची मीठमोहरीच. आर्यन म्हणाला, "मावशी, तू हे सगळं कुठे वाचतेस?" मला मावशी म्हणाला, ठीक आहे, आहेच मी.

मग ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्यावर आले. हा विषय माझ्या घरचा आहे त्यामुळे थोडं लांबेल.

बर्मिंगहॅम, म्हणजे कारखान्यांचं शहर. आयोमी सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, नोकरीचा शेवटचा दिवस, दुपारी जेवायला घरी आला तर परत जायचं मनात नव्हतं आणि आईने पाठवलं, म्हणाली काम पूर्ण करून ये. गेला, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल पण केल्या म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. तारा सैल झाल्या की सूर खाली जातो, जड होतो. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम, ज्याला हेवी मेटलची सुरुवात म्हणतात, १३ फेब्रुवारी १९७० ला आला, सैल तारा त्यानंतरच्या, पण तेव्हापासून आजपर्यंत सगळी मेटलवाली मंडळी गिटार खाली खाली लावत सुटलीत, त्याच्या मुळाशी ही दोन तुटलेली बोटं पण आहेत. जाता जाता, नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७०. म्हणजे हेवी मेटल आणि नवी मुंबई यांच्यात महिन्याभराचं अंतर, त्यामुळे खारघरला कॉन्सर्ट होणं हे एका अर्थी जुळ्यांची भेट आहे. हा माझा स्वतःचा शोध आहे, आर्यनला अजिबात आवडला नाही.

तर माझे बाबा वागळे इस्टेटला प्रेसशॉपमध्ये होते. एकतीस वर्षं, पॉवर प्रेसवर. पत्रा आत सरकवायचा, पेडल मारायचं, वरून डाय म्हणजे साचा पडतो, धाड, तुकडा बाहेर, पुढचा पत्रा. आता तिथे आयटी पार्क आणि बँक्वेट हॉल झालेत, पण आम्ही लहान असताना इस्टेटमधून रिक्षाने गेलं तरी रस्ता दोन्ही बाजूंनी धडधडायचा. बाबांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं वरचं पेर नाही. त्यांच्या मित्रांपैकी कोणी पाची बोटं पूर्ण दाखवली तर तो सुपरवायझर, असं बाबाच म्हणायचे.

२००८ ला मेडनला जायच्या आधी मी मोठ्या उत्साहाने बाबांना आयोमीची गोष्ट सांगितली होती. मला वाटलं होतं त्यांना काहीतरी वाटेल, आपल्यासारखाच एक, बोट गेलं आणि त्यातून एवढं मोठं झालं वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीनला गार्ड नव्हता?" मग थोड्या वेळाने, "कंपनीने पैसे किती दिले?" मला दोन्ही उत्तरं माहीत नव्हती.

बोट एकदाच गेलं, कान रोज थोडे थोडे गेले. तीन वर्षांपूर्वी त्यांना तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऑडिओग्राम दाखवला, ग्राफ सरळ येतो येतो आणि ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यात पडल्यासारखा खाली जातो. म्हणाल्या कारखान्यातल्या लोकांचं असंच असतं, बारीक उंच आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. म्हणून बाबांना माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. स, श, त, क ही अक्षरं पडतात. साखरची आखर होते. नातीचा आवाज अजिबात नाही पण कचऱ्याची गाडी दोन गल्ल्या आधी ऐकू येते. कानाचं मशीन लावून दिलंय, ते ड्रॉवरमध्ये असतं. त्याच बाईंनी सांगितलं होतं की ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, १०० ला पोचलात की जेमतेम पंधरा मिनिटं. म्हणून ते इअरप्लग. स्टेजपासून मधल्या अंतरावर फोनच्या अॅपवर मी बघत होते, ९८, १०१, १०३, फोनचा माइक काही भरवशाचा नसतो एवढ्या आवाजाला, पण अंदाज आला.

तिसरा बँड शिलाँगचा. यांच्याबद्दल थोडंच लिहिते कारण तक्रारच नाही. सात तारांच्या गिटारी, आवाज स्वच्छ, गायक गाण्यात राक्षस आणि गाणं संपलं की इतका नम्र की "थँक यू सो मच सर, थँक यू मॅम". सूर्य डोंगरामागे गेला, वारं सुटलं, आणि जानेवारीतली ती खारघरची थंडी, जी मुंबईकरांना खोटी वाटते, ती आली. वाऱ्यामुळे एक होत होतं, गिटारचा वरचा आवाज कधी आपल्याकडे यायचा कधी पनवेलकडे जायचा, बाकी मस्त.

तेवढ्यात वहिनीचे मेसेज. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपचे स्क्रीनशॉट. "रात्रीचं पाइलिंग कोणी चालू केलंय?" "मेट्रोचं काम असेल." "शोकेसच्या काचा वाजतायत, कोणी तक्रार केली का?" पाइलिंग म्हणजे पायासाठी जमिनीत खांब ठोकतात ते. कोणालाच गाणं चाललंय हे कळलेलं नव्हतं! आणि बरोबर आहे ते, उंच आवाज हवेत विरतो, भिंतीला अडतो, जाड आवाज लांब जातो आणि भिंतीतून आत शिरतो. मी जिथे उभी होते तिथे पूर्ण गाणं होतं, अर्ध्या किलोमीटरवर नवव्या मजल्यावर फक्त त्याची हाडं पोचत होती. नवरात्रात माझ्या बेडरूममध्ये पण हेच यायचं, नुसतं धप धप. तिकडे मंडळात पोरी काय सुंदर नाचत असतील काय माहीत, माझ्याकडे धप धप. मी वहिनीला उत्तर दिलं नाही. काय देणार, मी त्या पाइलिंगच्या समोर उभी राहून मान हलवत होते.

चौथा बँड बंगलोरचा, जुन्या पद्धतीचं थ्रॅश, म्हणजे मेटलचा सुसाट प्रकार, सगळे माझ्या वयाचे, बेसवाल्याला टक्कल आणि जीन्सचा बिनबाह्यांचा जॅकेट. गिटारचा पहिला तुकडा सुरू झाला आणि गर्दीच्या मधोमध गोल पडायला लागला, लोक मागे सरकतात, मध्ये रिकामी जागा होते, मग दोघं तिघं त्यात उड्या मारतात आणि बघता बघता चाळीस जण गोल पळतायत एकमेकांना ढकलत. राजश्रीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने पर्स आर्यनकडे दिली. मी बॅग काखेतून पुढे घेऊन पोटावर घट्ट केली आणि शिरलो.

काय सांगू. पहिल्या फेरीत कोणाचं तरी कोपर खांद्यात, दुसऱ्या फेरीत मी कोणाच्या तरी पायावर, सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात माती. मैदानावर गवत नव्हतंच, पाच मिनिटांत एवढा फुफाटा उडाला की स्टेजवरचे दिवे म्हणजे नुसते तिरके खांब दिसत होते. दातांत कचकच. मध्येच सगळं थांबलं कारण एकाचा बूट निघाला, ज्याला सापडला त्याने तो हात उंच करून धरला, "कोणाचा? कोणाचा रे?" आणि एका पायावर उड्या मारत मालक आला, घातला, नाडी बांधली, आख्खी गर्दी त्याची नाडी बांधून होईपर्यंत थांबली, मग "आईच्या गावात!" करून परत सुरू. मला एका पोराने विचारलं, "मॅडम ओके ना?" मी ओके होते. दीड गाणं टिकले. वॉल ऑफ डेथ म्हणून गायकाने गर्दीचे दोन भाग करायला सांगितले, एक इकडे एक तिकडे आणि मग एकमेकांवर धावून जायचं, तेव्हा मात्र मी सभ्यपणे कडेला आले. डावा प्लग गेलाय हे तेव्हा कळलं. राजश्री अजून आत होती. बँकेत ती लोन रिकव्हरीला आहे, त्याचा काही संबंध असेल.

मुख्य बँड सव्वानऊला चढला. मुंबईचाच. सव्वा तासाची वेळ होती ती पंचेचाळीस मिनिटांवर आली, सगळ्यांच्या चुकांचा हिशोब शेवटच्या माणसाकडून. दुहेरी पेडलवर दोन्ही पायांनी चालणारा बेस ड्रम, धडधडधडधड, इतका जलद की ठोके वेगळे मोजता येत नाहीत, पोटात एकसंध थरथर होते. मी डोळे मिटून उभी होते, डाव्या कानावर हात ठेवून, त्या गिटारवाल्याच्या आईसारखी. आणि मधूनच डोळे उघडून घड्याळ बघत होते. ९:४८. ९:५३. साउंडच्या टेबलाजवळ दोन पोलीस येऊन उभे राहिले. काही बोलत नव्हते, नुसते उभे. त्यातला एक मान हलवत होता ठेक्यावर, खरंच.

९:५६ ला गायक म्हणाला लास्ट साँग, मोठं आहे, संपेल की नाही माहीत नाही. संपलं नाही. अगदी शेवटच्या चढणीवर, जिथून ते कोसळणार हे गर्दीत प्रत्येकाला माहीत होतं, सगळ्यांनी श्वास घेतलेला, आणि आवाज गेला. दहा. यावेळी जनरेटर नाही, यावेळी नियम. ड्रमवाला दोन ठोके एकटाच टप टप वाजला आणि थांबला. लोक ओरडायला लागले, पोलिसांना नाही, हवेलाच. मी पण ओरडले. "अरे दोन मिनिटं द्या की!" हे वाक्य नवरात्रात मंडळाचा अध्यक्ष माझ्या दारात उभा राहून शब्दशः बोलला होता, "ताई दोन मिनिटं द्या की". मी दिली नव्हती. त्याला तर काही दिवस बारापर्यंत सूट पण मिळते, नियमातच आहे, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तरी मी उरलेल्या दिवसांचा काटा धरून बसते. आता पुढच्या नवरात्रात काय करणार? फोन करणारच. पण ११२ ऐवजी आधी त्याला करेन बहुतेक, बघू.

बाहेर भुर्जीपावच्या गाडीवर पन्नास रुपयांत पोट भरलं, राजश्री आणि आर्यन रिक्षाने स्टेशनला गेले, मी चालत दादाकडे. कानात तोपर्यंत शिट्टी सुरू झालेली, स्वतःच्या चपलांचा आवाज पण लांबून येतोय असं वाटत होतं.

दार वहिनीने उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हटलं. तिने परत सांगितलं. मी परत "काय?" तिने हाताने बाथरूम दाखवलं. आरशात बघितलं तर भुवयांपर्यंत माती, डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ गोल.

बाबा जागे होते. गॅलरीत खुर्ची टाकून, शाल, कानटोपी, बाहेर तोंड करून. वहिनी म्हणाली सहा वाजल्यापासून तिथेच आहेत, जेवण पण तिथेच, आत या म्हटलं तर हातानेच नको म्हणाले. मी डबी काढली, लाडवांचा पार भुगा झालेला, एकही शाबूत नाही. त्यांनी चमचा मागितला. मी शेजारी स्टूलवर बसले. एक माणूस ज्याला ऐकू येत नाही आणि एक बाई जिला त्या रात्रीपुरतं ऐकू येत नाही, त्यामुळे आम्ही दोघं खूप मोठ्याने बोलत होतो, दादा आतून येऊन गॅलरीचं दार लावून गेला.

"ठमे," बाबा म्हणाले, "तिकडे मैदानाच्या बाजूला कोणी शॉप टाकलंय?"

"कसलं शॉप?"

"प्रेसशॉप. संध्याकाळपासून चालू होतं. किती वर्षांनी स्वच्छ ऐकू आलं." तोंडात तीळगूळ, चमचा हवेत. "ही मंडळी म्हणतात पाइलिंग. पाइलिंग नाही ते. पाइलिंगला एवढे जवळ जवळ ठोके नसतात. प्रेस आहे. शंभर टनी पण नाही, शंभरचा ठोका असा भराभर पडत नाही. साठच्या आसपास असेल."

मी काहीच बोलले नाही. त्यांनी डबीतला भुगा चमच्याने एका कोपऱ्यात गोळा केला.

"माणूस बसलाय तो हुशार आहे," म्हणाले. "हात थांबत नव्हता त्याचा. मग दहाला मधेच बंद पडला. क्लच गेला असणार."